भिंत बांधली म्हणून पूररेषा सरकत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये गंगापूर रोडवर आनंदवली भागात, गोदावरीच्या उजव्या काठी, निळ्या आणि लाल पूररेषेच्या (ठरावीक मोठ्या पुराचे पाणी कुठपर्यंत येते ते दाखवणाऱ्या सरकारी रेषांच्या) मधल्या पट्ट्यात एका सोसायटीची जुनी इमारत आहे. पुनर्विकासासाठी आलेले विकसक सभासदांना सांगत आहेत की, महापालिका या काठाला संरक्षक भिंत आणि तिला लागून रस्ता करण्याच्या विचारात आहे. भिंत झाली की पूररेषा नदीकडे सरकेल, जोत्याच्या उंचीची आणि ना हरकत दाखल्याची कटकट संपेल आणि सभासदांना वाढीव क्षेत्र देता येईल. म्हणून सोसायटीने भिंतीच्या बाजूने महापालिकेला निवेदन द्यावे. सोसायटीच्या सचिवांनी विचारले आहे की यात तथ्य किती, आणि निवेदन द्यावे की हरकत घ्यावी.

माझे मत आधी सांगतो. भिंत बांधल्याने पूररेषा आपोआप सरकत नाही, आणि ती सरकवण्याचा अधिकार महापालिकेकडे नाही. भिंतीमुळे तुमच्या इमारतीला संरक्षण मिळेल की नवाच त्रास सुरू होईल, हे भिंतीची जागा, तिच्या माथ्याची पातळी आणि तिच्या पाठीमागे साचणाऱ्या पाण्याची सोय या तीन गोष्टींवर ठरते. या तिन्हींची माहिती हाती येईपर्यंत निवेदन देऊ नये. हरकत घ्यायची तर सरसकट विरोध म्हणून न घेता, पुढे सांगितलेली कागदपत्रे मागणारी हरकत घ्यावी. पाटबंधाऱ्यांच्या कामात आणि नंतर नगररचनेच्या प्रस्तावांवर अभिप्राय देण्यात माझी नोकरी गेली, त्या अनुभवावरून हे लिहितो आहे.

महाराष्ट्रात पूररेषांचा पाया पाटबंधारे विभागाच्या सप्टेंबर १९८९ च्या परिपत्रकाने घातला आणि जलसंपदा विभागाने मे २०१८ मध्ये त्याविषयी नव्याने सूचना काढल्या. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर किंवा नदीच्या काठोकाठ वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग (दर सेकंदाला वाहणारे पाणी), यांपैकी जो मोठा असेल त्याची पाणीपातळी निळ्या रेषेने दाखवतात. सरासरी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी लाल रेषेने. आखणीचे काम करताना आधी विसर्ग ठरवला जातो, मग नदीचे ठरावीक अंतरावर आडवे छेद घेतले जातात, प्रत्येक छेदावर त्या विसर्गाचे पाणी किती उंचीपर्यंत चढेल याचे गणित केले जाते, आणि ती उंची जमिनीवर जिथे टेकते ते बिंदू जोडून नकाशावर रेष काढली जाते. म्हणजे मूळ निष्कर्ष समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमधील पातळी हा असतो. नकाशावर दिसणारी रेष ही त्या पातळीची जमिनीवर पडलेली खूण असते. विकसक, वास्तुविशारद आणि कधीकधी महापालिकेचे अधिकारीसुद्धा फक्त रेषेबद्दल बोलतात, त्यामुळे सभासदांचाही समज होतो की रेष म्हणजे एखादी हद्द आहे आणि ती मोजणी करून हलवता येते.

याच समजातून नदीकाठी रात्री राडारोडा टाकण्याचा उद्योग चालतो. भराव टाकून जमीन दोन मीटरने उचलायची, नंतर खासगी सर्व्हेअरकडून कंटूर नकाशा, म्हणजे जमिनीच्या उंचीचा नकाशा, करून घ्यायचा आणि भूखंड निळ्या रेषेच्या वर असल्याचे दाखवायचे. पाण्याला मात्र तेवढी जागा कमी झालेली असते, आणि त्याची पातळी समोरच्या किंवा वरच्या भूखंडावर वाढते. अशा प्रस्तावांत भराव पडण्यापूर्वीच्या मूळ जमिनीची पातळी ग्राह्य धरली जावी, हा आग्रह सोसायट्यांनीही धरला पाहिजे; शेजारच्या भूखंडावरचा भराव आपल्या वाहनतळात पाणी आणतो.

शंभर वर्षांतून एकदा या शब्दांनीही घोटाळा होतो. तो पूर येऊन गेला की पुढची नव्व्याण्णव वर्षे निवांत, असा त्याचा अर्थ नाही. दर वर्षी एक टक्का शक्यता, एवढेच त्यात अभिप्रेत आहे. निळ्या रेषेच्या पुराची शक्यता दर वर्षी चार टक्के. वीस वर्षांचे गृहकर्ज घेतलेल्या कुटुंबाने हिशेब केला तर कर्ज फिटेपर्यंत लाल रेषेचा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे अठरा टक्के आणि निळ्या रेषेचा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे छप्पन्न टक्के निघते. नाशिककरांना हे गणिताने पटवून द्यावे लागू नये. १९६९ चा महापूर जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून येतो, आणि त्यानंतर सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ असे तीन मोठे पूर सध्याच्या पिढीने स्वतः पाहिले आहेत. आज ज्या पूररेषांवर वाद चालतो, त्या २००८ च्या पुरानंतरच्या आखणीतल्या आहेत.

आता भिंतीकडे येऊ. नदीचे पात्र भिंतीने अरुंद केले तर पाण्याला दोनच वाटा उरतात, वेगाने जाणे किंवा उंच होऊन जाणे, आणि प्रत्यक्षात दोन्ही थोडेथोडे घडते. आकड्यांत पाहू, हे आकडे उदाहरणादाखल आहेत, गोदावरीची मोजमापे नाहीत. पुराच्या वेळी १५० मीटर रुंद आणि सरासरी ४ मीटर खोल वाहणारे पात्र भिंतीमुळे १२० मीटरवर आले, तर उतार आणि खडबडीतपणा तोच धरून तेवढाच विसर्ग जाण्यासाठी खोली साधारण ४.५७ मीटर व्हावी लागते. म्हणजे पातळी सत्तावन्न सेंटिमीटरने वाढली. एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत लाल रेषेच्या पातळीवर जोत्यासाठी जी सुरक्षित उंची मागितली आहे ती ०.४५ मीटर, म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटर आहे. समोरच्या काठावर नियमाप्रमाणे जोते उचलून बांधलेल्या इमारतीची सगळी सुरक्षितता तुमच्या काठच्या एका भिंतीने संपू शकते, आणि त्यांनी त्यांच्या काठाला भिंत घातली तर तुमची. प्रत्यक्ष गणित छेदवार संगणकीय प्रतिमान करून करावे लागते, कारण खाली पूल, बंधारे आणि सांडवे असतील तर त्यांच्या अडथळ्याने मागे फुगणाऱ्या पाण्याची भर या आकड्यात पडते. आनंदवलीपासून होळकर पुलापर्यंत असे अडथळे किती आहेत हे तुम्ही रोज पाहता.

म्हणून भिंतीबाबतचा पहिला प्रश्न तिच्या जागेचा आहे. सध्याच्या काठाच्या आत, झिजलेला काठ सावरण्यापुरती भिंत असेल आणि तिचा माथा काठाच्या पातळीवरच असेल, तर ती धूप थांबवते आणि पुराच्या पातळीत फारसा फरक पाडत नाही. अशा भिंतीला माझा आक्षेप नाही; गॅबियनने, म्हणजे दगड भरलेल्या तारेच्या जाळ्यांनी, तेच काम कमी खर्चात होत असेल तर ते अधिक बरे. भिंत पात्रात पुढे सरकवून तिच्या पाठीमागे भराव टाकून रस्ता काढायचा असेल, तर ते पूरसंरक्षणाच्या नावाखाली केलेले रस्त्याचे काम आहे आणि त्याचे मूल्यमापनही रस्ता म्हणूनच व्हायला हवे. तुमच्या विकसकांच्या बोलण्यात भिंत आणि रस्ता हे दोन्ही शब्द जोडून येतात, त्यावरून मला हा दुसरा प्रकार असावा असे वाटते.

दुसरा प्रश्न माथ्याच्या पातळीचा. निळ्या रेषेच्या पातळीएवढी भिंत पंचवीस वर्षांच्या पुरापर्यंत पाणी अडवेल, त्याहून मोठा पूर तिच्यावरून आत येईल, आणि आत आलेले पाणी नदी उतरली तरी भिंतीमुळे लवकर बाहेर पडणार नाही. लाल रेषेच्या वर भिंत न्यायची तर ती इतकी उंच आणि जाड होते, तिचा पाया इतका खोल जातो आणि समोरच्या काठावरचा परिणाम इतका वाढतो की शहराच्या मध्यातून जाणाऱ्या नदीवर तशी भिंत कोणी शहाण्याने सुचवू नये. मधल्या उंचीची भिंत लोकांना खोटा दिलासा देते. भिंत आहे म्हणून गाड्या काढल्या नाहीत, तळमजल्यावरचे सामान वर नेले नाही, आणि रात्री दोन वाजता पाणी माथ्यावरून आले, असे प्रसंग भिंतींच्या मागेच घडतात.

तिसरा प्रश्न भिंतीमागच्या पाण्याचा आहे, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त हयगय इथेच होते. नदीला पूर असताना शहरात ऊन पडलेले नसते. वस्तीतले पाणी पावसाळी गटारांतून आणि लहान नाल्यांतून नदीकडेच येत असते, आणि नदीची पातळी गटाराच्या तोंडाच्या वर गेली की ते बाहेर पडत नाही. उलट नदीचे पाणी त्याच गटारातून वस्तीत शिरते. सराफ बाजार आणि भांडी बाजाराचा अनुभव पाहा. तिथे पाणी शिरते ते केवळ गंगाघाटाकडून चढून येत नाही. जुन्या नाशिकमधून येणारा सरस्वती नाला झाकला गेला आहे आणि तो सरकारवाड्याच्या परिसरात गोदावरीला मिळतो. जोराचा पाऊस झाला की नदीला मोठा पूर नसतानाही त्या भागातल्या दुकानांत पाणी येते. नासर्डी, म्हणजे नंदिनी, आणि वाघाडी यांच्या काठच्या वस्त्यांचेही असेच आहे. गोदावरी चढलेली असली की या उपनद्यांचे पाणी संगमाशी अडते आणि मागे फुगते, त्यामुळे गोदावरीपासून बऱ्याच अंतरावरची घरे बुडतात आणि लोक म्हणतात की आमच्याकडे तर नदीच नाही.

यावरचा उपाय म्हणून भिंतीतून जाणाऱ्या प्रत्येक गटाराच्या तोंडाला झडप बसवतात. बिजागरीवर लटकणारी ती लोखंडी झडप आतल्या पाण्याच्या दाबाने बाहेर उघडते आणि नदीचे पाणी चढले की त्याच्या दाबाने बंद होते. रचना साधी आहे. मात्र पहिल्याच पावसात गटारातून आलेली पिशवी, थर्माकोल किंवा नारळाची करवंटी झडप आणि चौकट यांच्यामध्ये अडकली की चार बोटांची फट राहते, आणि एवढ्या फटीतून चढत्या नदीचे पाणी रात्रभर आत येत राहते. दोन पावसाळ्यांत बिजागरी गंजून झडप अर्धी उघडी अडकून बसते. मेअखेरीस प्रत्येक झडप उघडून, साफ करून, ग्रीस लावून तपासण्याची जबाबदारी कोणत्या विभागाच्या कोणत्या पदावर आहे, हे प्रस्तावात लिहिलेले नसेल तर झडप नाही असेच समजावे. बांधकामाचा खर्च अंदाजपत्रकात असतो, देखभालीचा क्वचितच असतो. झडप बंद असताना आत साचणारे पाणी उपसायला पंप हवेत, आणि ते चालवायला पूरपातळीच्या वर ठेवलेला वीजपुरवठा हवा.

धरणाचा मुद्दाही सभासदांच्या चर्चेत येत असेल. गंगापूर धरण वर असताना पूर येतोच कसा, असे विचारले जाते, आणि त्याच दमात धरणवाल्यांनीच पाणी सोडले असा आरोपही होतो. गंगापूर धरणाची साठवण साडेपाच अब्ज घनफुटांच्या आसपास आहे; त्याच्या वर काश्यपी आणि गौतमी गोदावरी ही लहान धरणे आहेत. ११,५७४ क्युसेकचा (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) विसर्ग चोवीस तास चालला तर एक अब्ज घनफूट, म्हणजे एक टीएमसी पाणी जाते. याच हिशेबाने, धरणात जाणाऱ्या पाण्यापेक्षा येणारे पाणी वीस हजार क्युसेकने जास्त असेल, तर एक टीएमसीची मोकळी जागा साधारण चौदा तासांत भरते. हेच धरण नाशिक शहराला पिण्याचे पाणी देते, त्यामुळे पावसाळा संपताना ते भरलेले असणे शहराला हवेच असते. सप्टेंबरमध्ये भरलेल्या धरणात पूर सामावून घ्यायला जागा उरत नाही. २००८ चा पूर सप्टेंबरमधला होता हे लक्षात घ्यावे. शिवाय धरणाखालच्या मुक्त पाणलोटातले पाणी, ज्यात आळंदी नदीपासून नासर्डीपर्यंतचे प्रवाह येतात, धरणाच्या दरवाजांच्या हाती नसते. विसर्ग टप्प्याटप्प्याने आणि पूर्वसूचना देऊन सोडणे हे जलसंपदा विभागाचे कर्तव्य आहे आणि त्यात कुचराई झाली तर जाब विचारलाच पाहिजे. पण नदीकाठच्या जमिनीचा वापर ठरवताना धरण आपल्याला वाचवील असे गृहीत धरणे चूक आहे.

निर्णय कोणाचा, याबाबत सोसायटीने स्पष्ट असावे. पूररेषा जलसंपदा विभाग ठरवतो आणि सुधारतोही तोच. विकास आराखडा महापालिका तयार करते, मंजुरी राज्याचा नगरविकास विभाग देतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ मध्ये आराखड्यात असावयाच्या बाबींत पूरनियंत्रणाचा उल्लेख आहे, त्यामुळे हा विषय आमचा नाही असे महापालिकेला म्हणता येत नाही. बांधकाम परवानगी महापालिकेचा नगररचना विभाग देतो. आपत्तीच्या वेळी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा अधिकार चालतो. महासभेने किंवा स्थायी समितीने भिंतीला मंजुरी दिली म्हणजे लाल रेषा बदलली, असे त्यामुळे होत नाही. भिंत पूर्ण झाल्यावर महापालिकेने जलसंपदा विभागाकडे फेरआखणी मागायची, विभागाने नव्याने छेद घेऊन गणित करायचे, आणि त्यातून पातळी कमी निघाली तरच रेष बदलायची, असा तो मार्ग आहे. वर दाखवल्याप्रमाणे पात्र अरुंद झाल्यावर पातळी वाढलेली निघण्याचीच शक्यता अधिक. विकसक हा भाग सांगत नाहीत.

यात एक त्रासदायक फरक आहे. काठावरचा रस्ता विकास आराखड्यात नसेल तर त्यासाठी याच अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो, जाहीर सूचना निघते आणि हरकतींना एक महिन्याची मुदत मिळते. नुसती भिंत मात्र अंदाजपत्रकातले एक काम म्हणून निविदेने येऊ शकते, आणि तिथे हरकतीचा टप्पाच नसतो. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा तर महासभेत नगरसेवकाने उठून विचारण्याची सोयही राहिली नव्हती. त्यामुळे नदीलगतच्या कामांच्या निविदांवर, सूचना निघण्याची वाट न पाहता, लक्ष ठेवावे लागते.

नियमावलीत सध्या काय आहे ते तुमच्यापुरते सांगतो. काठापासून निळ्या रेषेपर्यंतचा भाग निषिद्ध क्षेत्र मानला जातो. तिथे बाग, हिरवळ, खुला भाजीबाजार, वाहनतळ, स्मशानभूमी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, जलवाहिन्या अशा मर्यादित वापरांना वाव आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या मधले क्षेत्र निर्बंधित आहे. तिथे लाल रेषेच्या पातळीवर ०.४५ मीटर जोते ठेवून बांधकाम करता येते. निळ्या रेषेच्या आतल्या जुन्या अधिकृत इमारतींच्या पुनर्विकासालाही याच उंचीच्या अटीवर आणि पाटबंधारे खात्याच्या ना हरकत दाखल्यावर वाव ठेवलेला आहे. म्हणजे तुमचा पुनर्विकास भिंतीवाचून अडलेला नाही. अडलेला असेल तर तो विकसकांच्या नफ्याच्या हिशेबात अडला असेल, आणि तो हिशेब त्यांनी उघडपणे मांडावा.

निळ्या रेषेच्या आतल्या जमिनीचे चटईक्षेत्र त्याच भूखंडाच्या उरलेल्या भागावर वापरू देण्याची सवलत नियमावलीत आहे. जमीनमालकावर अन्याय होऊ नये हा तिचा हेतू मला मान्य आहे. तिचा परिणाम मात्र असा होतो की नदीला सोडलेल्या जमिनीतली माणसे दहा-वीस मीटर मागे, लाल रेषेच्या आत, अधिक दाटीने राहायला येतात. त्या इमारतींची जोती कोरडी राहिली तरी भोवतालचे रस्ते पाण्याखाली जातात, आणि मग सातव्या मजल्यावरच्या आजारी माणसाला खाली आणायचे कसे हा प्रश्न अग्निशमन दलाच्या होडीवर येतो. ही सवलत नदीपासून दूरच्या भूखंडावर वापरता येईल अशा हस्तांतरणीय हक्काच्या रूपात दिली तर अधिक चांगले, असे माझे मत आहे.

खुल्या वापरांचेही काटेकोर पाहावे लागते. गंगापूर रोड आणि मखमलाबादच्या बाजूला नदीकाठी जी लग्नाची लॉन्स आहेत, त्यांतली हिरवळ नियमात बसते. हिरवळीभोवतीची पक्की भिंत, कायमचे व्यासपीठ, स्वयंपाकाची शेड आणि भराव टाकून केलेले वाहनतळ बसत नाही. प्रवाहाला आडवी असलेली आवारभिंत ही पुरात बंधाऱ्यासारखी वागते, आणि ती कोसळली की तिचे दगड-विटा खालच्या पुलाच्या कमानीत जाऊन बसतात. गोदापार्कची पुराने मोडतोड केली तीही नदीकाठी बाग केली म्हणून नव्हे. बाग पाण्याखाली जाणार हे धरून ती रचलेली नव्हती. दिव्याचे खांब, कठडे, शोभेच्या वास्तू आणि फरशीचे उंच पदपथ यांऐवजी गवत, खोल मुळांची स्थानिक झाडे आणि पाण्यातही टिकणारी मातीची वाट ठेवली, तर पूर ओसरल्यावर गाळ काढून आठवड्यात बाग सुरू होते. नदीकाठच्या जमिनीचा याहून चांगला सार्वजनिक वापर मला माहीत नाही.

सिंहस्थाच्या निमित्ताने हा विषय पुन्हा तापणार आहे. कुंभमेळा आला की घाट, काँक्रीट आणि रस्ते येतात. २००३ आणि २०१५ च्या वेळीही आले. रामकुंड परिसरात पात्राच्या तळाला काँक्रीट घातल्याने प्राचीन कुंडे झाकली गेली, ते काढण्यासाठी नागरिकांना न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि पुढे स्मार्ट सिटीच्या कामांत होळकर पुलाजवळ बंधाऱ्याला यांत्रिक दरवाजे बसवण्यात आले, जेणेकरून पुरात ते उघडून पाणी जाऊ देता यावे. आधी पात्रात अडथळा करायचा आणि मग त्याचा परिणाम कमी करण्यासाठी खर्च करायचा, हा क्रम २०२७ च्या कामांत पुन्हा होऊ नये यासाठी प्रत्येक कामाच्या आराखड्याबरोबर पूरपातळीवरील परिणामाचा अहवाल मागणे एवढे तरी नागरिकांच्या हातात आहे. असा अभ्यास करणाऱ्या संस्थांचा नाशिकला तुटवडा नाही. महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे आपली मेरी, दिंडोरी रोडवरच आहे.

खालच्या गावांचाही उल्लेख केला पाहिजे, कारण शहराच्या चर्चेत तो होत नाही. नाशिकमधून गेलेले पाणी निफाड तालुक्यात सायखेडा आणि चांदोरीला जाते. नांदूरमध्यमेश्वरपर्यंत दारणा आणि कादवेचे पाणीही त्यात मिळते, आणि २०१६ तसेच २०१९ मध्ये त्या गावांनी काय सोसले ते सर्वांनी पाहिले. शहरात दोन्ही काठांना भिंती घातल्या तर पूर पसरण्याची जागा जाते आणि पाणी तिथे अधिक लवकर पोहोचते. एका सोसायटीच्या भिंतीने हे होत नाही, पण महापालिकेने एका ठिकाणी मान्य केलेली गोष्ट पुढच्या प्रत्येक अर्जाला दाखला म्हणून जोडली जाते.

आता सोसायटीने करायचे काय. जलसंपदा विभागाच्या नाशिकमधील कार्यालयातून तुमच्या भूखंडाजवळच्या छेदाचा क्रमांक, त्या छेदावरील निळ्या आणि लाल रेषेची पातळी आणि त्यासाठी धरलेला विसर्ग लेखी घ्यावा. मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करावा. महापालिकेकडून भिंतीचा आडवा छेद, माथ्याची पातळी, समोरच्या काठावरील परिणामाचे गणित, जलसंपदा विभागाची परवानगी आणि भिंतीमागच्या पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा मागावा. परिणामाचे गणितच केलेले नसेल, तर हरकतीचा तोच पहिला मुद्दा असावा.

त्याबरोबर आपल्या आवारातले एक काम करून घ्या. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरात पाणी कुठपर्यंत आले होते त्याच्या खुणा जुन्या रहिवाशांकडून आणि शेजारच्या इमारतींच्या भिंतींवरून निश्चित करा, आणि परवानाधारक सर्व्हेअरकडून त्या खुणा, सध्याचे जोते, लिफ्टचा खड्डा, जमिनीखालची पाण्याची टाकी आणि विजेचे मीटर या सर्वांच्या पातळ्या एकाच सरकारी पातळीचिन्हावरून काढून घ्या. गोदाकाठच्या ज्या मूर्तीवरून शहर पुराची उंची ओळखते, त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की खाली गंगाघाटावर काय होते हे नाशिककराला पाठ असते, पण आनंदवलीला पाणी किती चढेल हे मारुती सांगत नाही. हा एक पानाचा तक्ता हाती आला की विकसकांशी, नगररचना विभागाशी आणि आपल्याच सभासदांशी बोलणे सोपे होते. अनेकदा असे दिसते की जोते नियमाप्रमाणे उचलले, पण ट्रान्सफॉर्मर, जनरेटर आणि पंपघर वाहनतळाच्या पातळीवरच ठेवले. पूर घरात न येताही इमारत आठवडाभर अंधारात आणि पाण्याविना राहते. नव्या इमारतीत ही तिन्ही लाल रेषेच्या वर, जोत्याच्या पातळीला हवीत, आणि तळघर नकोच.

शेवटी विकसकांबरोबरचा करार. वाढीव क्षेत्राचे आश्वासन पूररेषा सुधारित होईल या गृहीतावर दिलेले असेल, तर ते मूळ करारातून काढून वेगळ्या परिशिष्टात टाकायला सांगा, आणि आज लागू असलेल्या रेषांवर, आजच्या नियमावलीनुसार प्रत्येक सभासदाला किती क्षेत्र मिळते ते वास्तुविशारदाच्या सहीने लेखी घ्या. जोत्याची, वाहनतळाची आणि विद्युत यंत्रणेची पातळी करारात मीटरमध्ये नमूद करून घ्या. लाल रेषेच्या वर अशी मोघम शब्दरचना पुढे वादाला जागा ठेवते. हे सर्व देण्यास विकसक तयार असतील, तर भिंतीसाठीचे निवेदन त्यांनी स्वतःच्या नावाने द्यावे, सोसायटीने नव्हे.